आगीची अर्धी फेरी

मंगळूर
१८ नोव्हेंबर १९९६

ती. मामा,
नमस्कार.

रागावण्याची गोष्ट आधी सांगून टाकते. नदीकाठचा कौलांचा कारखाना साफ करायचं काम मी घेतलंय. तुमचाच. नवे मालक तिथे राहायच्या इमारती बांधणार आहेत आणि त्यांना संक्रांतीला मोकळी जमीन हवी. कुणीतरी पाडणारच होतं. मी म्हटलं, निदान ओळखीच्या हातांनी पडू दे. टोळीत बहुतेक जुन्याच बायका आहेत. अप्पी मुकादम. कारखाना बंद पडल्यापासून ती घरी बसून विड्या वळत होती. म्हणते, "तंबाखूपेक्षा राख बरी. तिला मी तरी ओळखते."

रान इतकं माजलंय की गेटापासून भट्टीपर्यंत वाट पाडण्यातच पहिला आठवडा गेला. चिखल मळायच्या यंत्रातून चिंचेचं झाड वर आलंय. यंत्राची पाती खोडात रुतून बसलीत, आता झाड कुठलं नि लोखंड कुठलं ते सांगता येत नाही. यंत्रघरामागची माती तेलाने काळी झाली आहे. ती खणून, पिंपांत बंद करून पाठवतो. फुटक्या कौलांचे ढीग माणसाहून उंच आहेत. वाळत घातलेल्या कौलांवरून कधीकाळी कुत्री पळाली, त्यांचे पंजे तसेच भाजले गेलेत. एकावर लहान मुलाचं पाऊल आहे. सुंदरीने ते बाजूला ठेवलं. कशाला, विचारलं तर म्हणाली, "त्याची आई विचारायला आली तर?"

भट्टी शेवटी ठेवली आहे. अडलंय ते तिच्या तोंडाशी. कोनाड्यातलं दैवत, तो हिरवा दगड, अजून तिथेच आहे. टोळीतला बाबण्णा पहार घेऊन दहा हात लांबून जातो. अप्पीचं म्हणणं, दगड उचलायचा तो भट्टीची आग चालवणाऱ्या आगवाल्याने, आणि आगवाल्यांपैकी आता तुम्ही एकटेच उरलात. याल का?

वेळेत झालं नाही तर हुबळीचा एक माणूस मशीन घेऊन तयार आहे. तो राख आणि दैवत एकाच ट्रकात भरेल. आणि या बायका परत विड्यांकडे जातील.

तुमची,
जलजा


सुळ्य
२७ नोव्हेंबर

चि. जलजेस आशीर्वाद.

राग नाही. सुपारी उतरवणं चालू आहे. मालक मंगळुरात आणि बाग माझ्या अंगावर, सोडून येता येत नाही. गुडघेही आहेत.

दगड हलवायला आगवाला लागतो हे अप्पीने कुठून काढलं? पात्रीला बोलवा. सुपारीचा मोहर, शहाळं, लाह्या ठेवा. त्याच्या अंगात आलं की नीट विचारा, कुठे जायचंय तुला. तो सांगेल तिथे न्या.

तो दगड माझ्या आधीचा. कोरगप्पांनी मला आग शिकवली, त्यांच्या पोरवयातली गोष्ट. एकदा भाजलेला माल काढल्यावर खालच्या राखेत तो सापडला. मुठीएवढा, हिरवा, आरपार दिसेल असा. कौलांच्या भट्टीत माती जाते आणि मातीच बाहेर येते. काच कुठून येणार? लोकांनी हात जोडले. तेव्हापासून दर खेपेचं पहिलं कौल त्याच्यापुढे ठेवायची पद्धत पडली. एवढंच.

तेलाची माती जाळू नका. भट्टीबद्दल मला पुन्हा लिहू नकोस. बाकीचं लिही.

शेसप्पा मामा


मंगळूर
१२ डिसेंबर

ती. मामा,

भट्टीबद्दलच लिहावं लागतंय.

दगड नीट हलला. पात्री आला, अंगात आलं, त्याने फणसाखालची जागा दाखवली. तिथे चौथरा केला. अप्पीने स्वतः पदरात घेऊन दगड नेला. सगळ्यांना मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीत शिरलो.

विटा अखंड काढल्या तर विकल्या जातात, म्हणून आधी आतली काजळी झाडायची ठरली. बोटभर जाड काजळी. झाडूने निघेना तेव्हा अप्पीने गोणपाट ओलं करून भिंत पुसली. मी दाराशी होते. तिचा हात एकाच जागी थांबला. काम अर्ध्यावर सोडताना मी तिला पाहिलेलं नाही, म्हणून आत गेले.

तिने परातीएवढी जागा पुसली होती. ती जागा हिरवी होती, मामा. रंग दिलेला असावा तशी नाही. खोल. बॅटरी धरली तर उजेड भिंतीच्या आत गेला आणि कुठेतरी थांबला. आम्ही पुसत गेलो. वरपर्यंत, कमानीपर्यंत, सगळं तसंच. जिथून लाकूड खाली पडायचं तिथे भिंतीवरून ओघळ आलेत, मधासारखे, आणि थेंब होऊन टोकाला लटकलेत. त्यातला एक हुबेहूब आपला दगड. फक्त तो अजून पडलेला नाही.

भट्टीच्या पुढच्या खणात गेलो. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या खणातही.

सुंदरी म्हणाली, "अक्का, आपण काल काय हलवलं मग?"

अप्पी म्हणाली, "नख. नख नेऊन फणसाखाली बसवलं. दैवत इथेच आहे."

बाबण्णाने पहार भिंतीला टेकवली होती. त्याने ती उचलली, बाहेर नेली आणि आडवी ठेवली. मग सगळ्यांनीच.

मी अप्पीला म्हटलं, तू वीस वर्षं या खणांतून कौलं काढलीस, तुला कसं दिसलं नाही? तर म्हणाली, "डोक्यावर कौलं, वर पोतं, अंगाची लाही. डोळे पायांशी. भिंत बघायला आत कोण जायचं? आणि काजळी धुवायला मालकाने पाणी दिलं होतं का?"

काम बंद आहे. पात्रीला परत विचारलं. तो भट्टीच्या दारापर्यंत आला, आत वाकून पाहिलं आणि म्हणाला, हे माझ्या आवाक्यातलं नाही. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

ज्याने आग चालवली त्याने सांगितल्याशिवाय कुणी पहार उचलणार नाही. या, मामा.

जलजा


सुळ्य
१९ डिसेंबर

चि. जलजे,

शेवाळ आहे ते. बारा पावसाळे ओल धरली तर हिरवं होणार नाही तर काय? पहार उचलायचा कंटाळा आला की अप्पीला दैवत दिसतं. पूर्वीही असंच. दुपारची पेज पोटात गेली की तिला कारखान्यात कुठेही काहीही दिसायचं.

आणि मला काय विचारता? मी आत पाऊल टाकलेलं नाही. आगवाले वर, बायका आत. कौलं जागच्या जागी आणि आग फिरती, अशी ती भट्टी. एका खणातून दुसऱ्यात सरकवत न्यायची, सोळा खण फिरून परत पहिल्यात. मागचा खण निवला की बायका माल काढणार, पुढचा भरणार. आम्ही छतावर. झाकणं उघडून लाकूड टाकायचं, आग पुढे न्यायची. आगवाला आत उतरला तर आग बिथरते म्हणत. मी उतरलो नाही. आता उतरून काय सांगू?

शेवाळ घासून काढा.

मामा


मंगळूर
२४ डिसेंबर

ती. मामा,

सोबत फडक्यात बांधून भिंतीवरची एक हिरवी टिकली पाठवते. आम्ही फोडलेली नाही, आपणहून खाली पडलेली सापडली. अप्पी म्हणाली, स्वतःहून आलंय तर पाठव. शेवाळ असेल तर पाण्यात टाका, विरघळेल.

काल मालकांचा माणूस आला होता, बंगळुराहून. त्याला आत नेलं. खूप वेळ उभा राहिला. मग भिंतीवर नखाने टकटक केलं आणि विचारलं, "एकूण किती टन?" बाहेर गेल्यावर मात्र गाडीत बसेना. परत आला, बूट काढले आणि परत आत गेला. निघताना म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात नाही. संक्रांतीनंतर मशीन लावतील." हुबळीचा माणूस त्याच दिवशी बाहेरून जागा बघून गेला.

अप्पी तुमच्याबद्दल जे बोलली ते लिहू की नको, विचार करत होते. लिहिते. ती म्हणाली, "म्हाताऱ्याला गुडघे नाहीत, भीती आहे. आग अर्ध्यावर सोडली होती. नवव्या खणात. तिथून पुढे कुणी नेलीच नाही. फेरी पुरी झाल्याशिवाय दैवत इथून उठेल कसं?"

टोळीतल्या सगळ्यांना ही गोष्ट माहीत आहे, फक्त मला नाही. खरं आहे का?

जलजा


सुळ्य
३१ डिसेंबर

चि. जलजे,

टिकली पाण्यात टाकली. बुडाली. काढून उन्हात धरली. मग दिवसभर बागेत गेलो नाही.

ते होड्यांचं लाकूड असणार. मोडीत काढलेल्या होड्या कारखाना घ्यायचा, सगळ्यात स्वस्त सरपण. जन्मभर समुद्र प्यालेल्या फळ्या. टाकल्या की तडतडायच्या, जाळ हिरवट दिसायचा. त्यातलं मीठ आणि राख धुरात मिसळून भिंतीला बसत गेली असेल. थरावर थर, माझ्याआधी कोरगप्पांचे, त्यांच्याआधी आणखी कुणाचे. धूर धुरांड्यातून गेला असं आम्ही धरून चाललो. सगळा गेला नव्हता.

म्हणजे तो दगड दैवत नव्हता का, हे तू विचारशील. मला सांगता येत नाही. काच आम्हीच केली. पण आम्ही कौलं करत होतो. आपल्याला न कळता आपल्या हातून एवढं होत असेल तर त्याला दुसरं काय म्हणायचं?

अप्पी म्हणते ते खरं आहे. गेटाला टाळं लावलं तेव्हा आग नवव्या खणात होती. छतावरून आम्हाला उतरवलं. मी म्हटलं, एवढी फेरी होऊ द्या, सात खण राहिलेत, मग लावा काय लावायचं ते. लाकूड आत, आम्ही बाहेर. भट्टी बंद करायचीही रीत असते. शेवटच्या खणापर्यंत न्यायची, तिथे तिला हळूहळू कमी घालायचं. मी पैलतीरावर जाऊन बसलो. धूर दिसत होता. काळा होता, मग पांढरा झाला, मग दोऱ्यासारखा. विझवली नाही कुणी. उपाशी मेली. मी तिथून घरी न जाता सुळ्यची बस धरली.

सोमवारी पहिल्या बसने येतो. माझ्यासाठी काही शिजवू नका. छतावर कुणी नको. मला एक हूक आणि डबाभर तेल लागेल, झाकणं गंजली असतील. तुम्ही सगळे आत थांबा. नवव्या खणात. बॅटऱ्या नकोत.

मामा


मंगळूर
७ जानेवारी १९९७

ती. मामा,

काल तुम्ही शिडीवरून उतरलात आणि सरळ रस्त्याला लागलात. सुंदरीने नंतर धावत जाऊन वाटेत गाठलं तर म्हणालात, बस चुकेल. त्या वेळेला सुळ्यची बस नसते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

तुम्ही आत नव्हतात. म्हणून आत काय झालं ते लिहिते.

आम्ही नवव्या खणात उभे होतो. बाहेरची दारं गोणपाटाने झाकलेली. स्वतःचा हात दिसत नव्हता. वर तुमचं चालणं ऐकू येत होतं. मग लोखंड घासल्याचा आवाज, आणि बाबण्णा पुटपुटला, "तेल कमी घातलंय." अप्पीने त्याला गप्प केलं.

पहिलं झाकण निघालं.

ऊन कांबीसारखं आत आलं, तिरपं, आणि भिंतीला लागलं. भिंत पेटली. दुसरा शब्द मला सापडत नाही. जिथे ऊन लागलं तिथे हिरवी, त्याच्याभोवती पिवळी, आणि लांब कोपऱ्यात जवळजवळ निळी. दुसरं झाकण, तिसरं. ओघळांच्या टोकांचे थेंब एकेक करून उजळले. आमच्या अंगावर, साड्यांवर, हातांवर तो रंग आला. सुंदरीने तळहात पुढे केला आणि त्यात काही साचतंय का ते पाहत राहिली.

मग मागची झाकणं पडायला लागली आणि पुढची उघडायला. नववा खण काळोखला, दहावा उजळला. कुणी सांगितलं नाही, पण आम्ही सगळे चालायला लागलो. मधल्या दारांतून वाकून, एकामागून एक. उजेड पुढे, आम्ही मागे. प्रत्येक खण वेगळा होता, मामा. एकात भिंत नुसती पाण्यासारखी. एकात कमानीवर तपकिरी ठिपके, वाघाच्या कातड्यासारखे. तेराव्यात अप्पी थांबली. तिथल्या भिंतीत काचेखाली पाच बोटं आहेत. ज्याने वीट लावताना ओल्या गिलाव्यावर हात टेकला त्याची. काच त्याच्यावरून वाहून गेली आणि बोटं आत राहिली. तिने आपला हात त्यावर ठेवला नाही. नुसता जवळ नेला.

सोळाव्यातून पहिल्यात आलो तेव्हा बायका रडत होत्या. मोठ्याने नाही. बाबण्णा, जो कशालाच नमस्कार करत नाही, दर दारातून जाताना वाकत होता. दार ठेंगणं आहे म्हणून, असं तो आता म्हणतो.

आठव्यात पोचलो. वर तुमची पावलं थांबली. बाबण्णा खोकला. मग शेवटचं झाकण निघालं. उजेड आला आणि राहिला. तो भिंतीवरून हळूहळू वर सरकत गेला. आम्ही तो कमानीला लागेपर्यंत उभे होतो. मग कळलं की तुम्ही गेलात.

अप्पी म्हणाली, "झाली फेरी." नंतर वर बघून म्हणाली, "झाकण लावायला विसरला म्हातारा."

पण पहार अजून कुणी उचललेली नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. होय म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत. संक्रांतीला आठवडा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी काम सोडते, बायकाही सोडतील, मग मशीनवाल्याला काय करायचं ते करू दे. पण सांगा. आणि खाली उतरला का नाहीत तेही सांगा. एकदा तरी बघायचं होतं.

जलजा


सुळ्य
१० जानेवारी

चि. जलजेस आशीर्वाद.

झाकण उघडताना तोंड बाजूला करायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. नाहीतर भुवया जातात. मी जन्मभर त्या भोकांतून तिरकंच पाहिलं. जाळ लाल आहे, नारिंगी आहे, पांढरा व्हायला लागला, एवढं कळलं की पुरे. पलीकडे काय आहे ते बघायची सोय नव्हती.

सोमवारी पहिलं झाकण काढलं आणि तोंड सवयीने बाजूला गेलं. झळ आली नाही. तेव्हा लक्षात आलं की आता वाकता येईल.

वाकलो. हिरवं होतं. शेवाळ नव्हतं, अप्पीला सांग. पण ते मी फार वेळ पाहिलं नाही, कारण मध्ये तुम्ही होता. जिथे आग असायची तिथे माणसं उभी होती आणि वर बघत होती. अप्पीला मी आधी ओळखलं नाही. तिच्या तोंडावर तो रंग होता आणि ती कामाला लागली तेव्हा होती तेवढी दिसत होती.

पुढचं झाकण उघडलं तर खाली तुम्ही. त्याच्या पुढचं उघडलं, तरी तुम्ही. आग अशीच यायची, मी पुढे आणि ती मागून, न चुकता. सोळाव्यावर राहिलेली फेरी पुरी झाली होती, पण तुम्ही मागून येत होता म्हणून थांबवेना, सबंध चक्कर करून आठव्यापर्यंत आलो. मला भीती होती की एखादा खण उघडीन आणि खाली कुणी नसेल. आठव्यावर थांबलो होतो ते त्यासाठी. मग खालून बाबण्णा खोकला.

उतरलो नाही, कारण उतरून आणखी काय पाहणार होतो? आणि अप्पीने मला रडताना पाहिलं असतं तर मरेपर्यंत पुरवून पुरवून सांगितलं असतं.

झाकण विसरलो नाही. भट्टी चालू असते तोवर एकही झाकण उघडं ठेवत नाहीत. शेवटच्या फेरीनंतर शेवटच्या खणाचं उघडं टाकायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की आता आत कुणी नाही. ते करायचं राहिलं होतं. केलं.

तेव्हा पाडा. मशीन नको, हातांनी पाडा. छतापासून सुरू करा, कमानीची मधली वीट आधी. भिंतीला आधी हात लावलात तर छत अंगावर येईल. पहिली पहार अप्पीला द्या. ज्या बाईला भिंतीचा तुकडा घरी न्यायचा असेल तिला नेऊ द्या, बंगळुरच्या माणसालाही एक द्या. तेराव्या खणातली बोटं मात्र फोडू नका. ती भिंत अलगद आडवी करा आणि मातीखाली जाऊ द्या.

आणि पहार घालण्याआधी, प्रत्येक खणावर, वरून एकदा हाक मारा. खाली कुणी उभं असेल तर ओ देईल. ओ आली नाही की घाला.

मामा